गस टलक, हिरवं तिकीट

अनारू : दार उघडंच होतं, मर्डो. मी बाहेरून हाक मारली, “मिस्टर गस टलक आहेत का घरात?” आणि ते आले.

मर्डो : मग? दिलंस आमंत्रण हातात?

अनारू : हातात नाही. त्यांनी दातांत धरून नेलं.

मर्डो : अच्छा.

अनारू : “अच्छा” काय म्हणताय? गस टलक कुत्रा आहे! तांबडा, एक कान पडलेला. आपला पोस्टमन! रोज सकाळच्या बोटीने बेटावरून एकटा इथे ब्लफ बंदरात येतो, कोपऱ्यावरच्या दुकानातून पेपर घेतो आणि परतीच्या बोटीने घरी जातो, तो! सहा महिने मी त्याच्या शेजारी बसून कामाला येतोय. धक्क्यावर सगळे पोस्टमन म्हणतात, म्हणून मीही पोस्टमन म्हणतो. घरी त्याला काय म्हणतात हे कोण विचारणार?

मर्डो : घरी गस म्हणतात. हा चीज रोल घे. गार झाला की रबर होतो.

अनारू : तुम्हाला माहीत होतं?

मर्डो : पोरा, त्याच्या पट्ट्यातलं तिकीट मीच छापून देतो.

अनारू : पंधरा दिवसांपूर्वी यादी निघाली तेव्हा तुम्ही याच खुर्चीत बसला होता. नायरीने मोठ्याने वाचलं, “वर्षातला सर्वांत निष्ठावान प्रवासी, सहाशे अठरा फेऱ्या, गस टलक.” आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात!

मर्डो : सहाशे अठरा फेऱ्यांना टाळ्या वाजवायच्या नाहीत तर कशाला वाजवायच्या?

अनारू : पेपरात छापून आलंय, मर्डो. उद्या सकाळी दहाला नवी बोट पाण्यात सोडायची, तिला त्या प्रवाशाचं नाव द्यायचं आणि शुभारंभाची बाटली त्याच्याच हस्ते फोडायची. हस्ते! पेंटर आत्ता खाली बोटीच्या पाठीवर नाव रंगवतोय.

मर्डो : मघाशी दोन अक्षरं झाली होती. निळा रंग छान घेतलाय.

अनारू : आणि आज बारा वाजता नायरी माझ्या कागदावर सही करणार आहे. सहा महिने संपले. एक तर अनारू कायम, नाहीतर अनारू, बॅग भर. परवा माझी जोडीदार मारामा ऑकलंडहून सगळं सामान घेऊन इकडे येतेय. तिने नोकरी सोडली, भाड्याचं घर सोडलं, मांजर आईकडे ठेवलं. तिला मी काय सांगू? मी बनवलेल्या प्रोग्रामने एका कुत्र्याला बोट देऊन टाकली?

मर्डो : बोट कुठे दिलीय? नाव दिलंय फक्त.

अनारू : खुर्ची सरकवा. मला आतला कोड बघू द्या.

मर्डो : बघ की. माझा आहे, घाबरण्यासारखं काही नाही. तू आल्यापासून कोडमध्ये वस्तू बनवणारे जे ‘कारखाने’ काढलेस त्यांच्यापुढे माझं म्हणजे टपरीच. परवा एक तिकीट छापलं, ते तीन कारखान्यांतून फिरून आलं.

अनारू : तो पॅटर्न आहे, मर्डो, कोड लिहायची मान्य रीत. तिकीट कसं बनतं याची चिंता बाकीच्यांनी करू नये म्हणून.

मर्डो : बाकीचे करतच नाहीत. मी एकटाच करतो.

अनारू : हं. हा प्रवाशाचा क्लास, म्हणजे साचा. नाव, जन्मतारीख, आसन क्रमांक, लाइफ जॅकेटचं माप, तक्रार करायची सोय, अभिप्रायाचा फॉर्म. ठीक आहे. आणि त्याच्या खाली... हे काय आहे? “कुत्रा. प्रवाशाचा वारस.”

मर्डो : एकोणीस वर्षांपूर्वीचं आहे. दुपारी दोनची बोट सुटायची होती आणि नायरी माझ्या डोक्यावर उभी. म्हणाली, आजपासून कुत्र्यांनाही तिकीट छापून हवं, आत्ताच्या आत्ता. प्रवासी आयता तयार होता. त्याच्यातून कुत्रा काढला. दहा मिनिटांत काम फत्ते.

अनारू : पण कुत्रा प्रवासी नसतो!

मर्डो : बोटीत चढतो, गप्प बसतो, उतरतो. तुझ्यापेक्षा वेळेवर येतो.

अनारू : वारसा असा वाटत सुटत नाहीत! नियम साधा आहे. बापाला जिथे जिथे बसवलंय तिथे मुलाला बसवलं, तरी कुणाचं काही अडता कामा नये. प्रवाशाला लाइफ जॅकेटचं माप असतं. कुत्र्याचं माप काय लिहिलंत?

मर्डो : शून्य.

अनारू : आसन क्रमांक?

मर्डो : “जमीन.”

अनारू : “जमीन” हा क्रमांक आहे?

मर्डो : चालतंय ना? एकोणीस वर्षांत एकदा तरी अडलं?

अनारू : कुत्र्याला तिकीट द्यायचं होतं ना? मग तिकीट ही गोष्टच वेगळी ठेवायची. ती माणसाजवळ असेल, कुत्र्याजवळ असेल, कुणाजवळही असेल. एखादी गोष्ट जवळ असणं वेगळं आणि आपण स्वतः कुणीतरी असणं वेगळं. माझ्याजवळ गिटार आहे म्हणून मी वादक होतो का?

मर्डो : नाही. ते बेटावरच्या सगळ्यांना माहीत आहे.

अनारू : आणि हे? कुत्र्याच्या खाली “बादली”? बादली कुणाची वारस आहे?

मर्डो : कुत्र्याची.

अनारू : का?

मर्डो : दोघं जमिनीवर बसतात.

अनारू : देवा.

मर्डो : बेटावरच्या हॉटेलात रोज कालवांची बादली जाते आणि रिकामी परत येते. कुणाची बादली कुठे उतरवायची याचा घोळ व्हायचा. म्हणून तिलाही तिकीट दिलं.

अनारू : म्हणजे बादलीला जन्मतारीखसुद्धा असणार.

मर्डो : आहे की. दर वर्षी शुभेच्छांचं कार्ड जातं. हॉटेलवाले स्वयंपाकघरात भिंतीला लावतात.

अनारू : हे सगळं माझ्या नजरेतून सुटलं कसं?

मर्डो : हां, आता आलास मुद्द्यावर. सुटलं कसं?

अनारू : माझ्या प्रोग्राममध्ये काही चूक नाही! कुणीही प्रवाशाने बोटीत पाय ठेवला की बोट हाळी देते. ज्याला ती ऐकायची असेल तो ऐकतो. माझा फेऱ्या मोजणारा नुसता कान देऊन बसलेला असतो. मी यायच्या आधीच्या हाळ्याही जुन्या नोंदींतून त्याला ऐकवल्या. कोण चढलं, का चढलं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हेच तर त्या पॅटर्नचं सौंदर्य आहे!

मर्डो : अगदी. गसने पाय ठेवले, चार. बोटीने हाळी दिली. तुझ्या मोजणाऱ्याने मोजलं. सौंदर्यात कुठे काही कमी पडलं नाही.

अनारू : मी “प्रवासी” या शब्दावर विश्वास ठेवला.

मर्डो : आणि आत डोकावून बघितलं नाहीस.

अनारू : आत डोकावावं लागू नये म्हणूनच तर क्लास करतात!

मर्डो : मग चूक कुणाची ते एकदा ठरवून टाकू. ज्याच्या हातून प्रोग्राम मोडेल त्याने सगळ्यांना चीज रोल खाऊ घालायचे, हा नियम तुझाच. आल्या आल्या पहिल्या आठवड्यात काढलास. तेव्हापासून मी अकरा वेळा आणले आणि तू एकदाही नाही. आत्ता खातोयस ते मंगळवारी मी छपाई बंद पाडली त्याचे. हे कुत्र्याचे कुणी आणायचे?

अनारू : तुम्ही. वारसा तुमचा.

मर्डो : मोजणी तुझी.

अनारू : थांबा, थांबा. हे काय दिसतंय? गसच्या तिकिटाचा रंग... हिरवा?

मर्डो : गावकरी आहे तो.

अनारू : कुत्रा गावकरी? सहा महिने मी बेटावर राहतोय. अख्खा हिवाळा तिथे काढला. चक्री वाऱ्यात दुकानाचं छप्पर धरून उभा राहिलो चार तास. आणि रोज सकाळी माझ्या हातात पांढरं तिकीट पडतं. पाहुणा! त्याच्या गळ्यात हिरवं लटकतंय, आणि तो शेजारी बसून माझ्याकडे बघतो. आता कळलं असा का बघतो ते.

मर्डो : तो नऊ वर्षांपासून आहे इथे.

अनारू : गावकरी कुणाला म्हणायचं हे ठरतं तरी कसं? तीन आठवडे घालवले मी तुमच्या कोडमध्ये. आधी पत्ता बघतो, मग हिवाळ्यात किती दिवस राहिला ते बघतो, मग आणखी काय काय. आठ पायऱ्या उतरून खाली गेलो, तर तळाशी एकच ओळ. “नायरीला विचार.”

मर्डो : बरोबर आहे. वरचं सगळं कौन्सिलला दाखवायला घातलंय. पोस्टमनलाही हिरवं तिनेच दिलं, कोडमध्ये गस हे नाव मी घातलं.

अनारू : अख्खी व्यवस्था एका माणसावर टांगलेली! उद्या ती आजारी पडली तर?

मर्डो : नायरी? आजारी?

अनारू : सोमवारी मी ती ओळ उपटून टाकणार आहे. तिच्या जागी स्पष्ट नियम. एकेक सुटा, हवा तेव्हा बदलता येईल असा.

मर्डो : सोमवारी इथे असलास तर.

अनारू : हो. ते आहेच.

मर्डो : तसं म्हणायचं नव्हतं मला. खा तू.

अनारू : नाही. मी नायरीला सांगतो. आत्ताच सांगतो. बारा वाजता तिने सही करायची आणि उद्या धक्क्यावर सगळ्यांसमोर तिला कळायचं, हे बरं नाही.

मर्डो : जरा दम धर. पंधरा दिवस मी गप्प का बसलो हे नाही विचारलंस. यादीत पुढचं नाव कुणाचं आहे ते एकदा...

अनारू : पुढचं कुणाचंही असो. चूक ती चूक.

मर्डो : मग तयार राहा. जिन्यात बूट वाजतायत.

(बोटीची मालकीण आणि कप्तान नायरी आत येते. हातात मोजायची टेप.)

नायरी : लेको, पटापट बोला. पाऊण तासात बोट सोडायची आहे. अनारू, आमंत्रण देऊन आलास ना? गस टलकची उंची किती? बाटलीची दोरी कुठे बांधू म्हणून सुतार विचारतोय.

अनारू : उंची... कमी आहे.

मर्डो : उडी चांगली मारतो.

नायरी : वय काय?

अनारू : नऊ.

नायरी : काय?

मर्डो : त्यांच्यात ते म्हातारपण धरतात.

नायरी : मर्डो, सकाळी सकाळी डोकं खाऊ नकोस. मी काय म्हणते, उद्याचं भाषण त्यालाच करू द्यावं. इतकं नेमकं बोलणारा माणूस माझ्या बोटीवर कधी बसला नाही. त्याने भरलेले फॉर्म वाचलेस का तू, अनारू? मी जपून ठेवलेत. “खिडक्या फार उंच. बसलं की पाणी दिसत नाही, नुसती भिंत.” वाचलं आणि मला पटलं. नव्या बोटीच्या खिडक्या वीतभर खाली घेतल्या. आता लहान पोरांनाही समुद्र दिसेल. “मागच्या डेकवर डिझेलचा वास येतो.” “बाकाखाली कुणीतरी बिस्किटं सांडतं, हे उत्तम.” साधं, सरळ. उगाच पाल्हाळ नाही.

अनारू : नायरी, तुम्ही बसा.

नायरी : बसले की उशीर होतो. बोल.

अनारू : गस टलक माणूस नाहीये. तो पोस्टमन आहे. आपला, तांबडा. चार पायांचा.

नायरी : परत सांग.

अनारू : यादीतला पहिला प्रवासी कुत्रा आहे. आपल्या प्रोग्राममध्ये कुत्रा हा प्रवाशाचा वारस आहे. म्हणून प्रवाशाचं जे जे असतं ते सगळं त्याला आपोआप मिळत गेलं. फेऱ्याही.

मर्डो : ते एकोणीस वर्षांपूर्वी मी...

अनारू : मर्डो, मला बोलू द्या. यादी मी काढली, नायरी. नाव पेपरात द्यायच्या आधी ते कुणाचं आहे हे बघणं माझं काम होतं. मी बघितलं नाही. माझी रचना इतकी नेटकी आहे की बघायची गरजच नाही, असं वाटलं मला. चूक माझी आहे. सही करायच्या आधी तुम्हाला हे माहीत असायला हवं.

मर्डो : चीज रोल मी आणतो.

नायरी : गप रे. फॉर्म कुणी भरले?

अनारू : त्याच्या मालकीण, मिसेस टलकनी. आज सकाळी भेटल्या. शाळेत बाई होत्या त्या. म्हणाल्या, फॉर्मवर नाव गसचं होतं, प्रश्न गसला विचारले होते, मग उत्तरं माझी कशी लिहिणार? त्यांनी त्याच्याकडे नीट बघून लिहिली.

नायरी : आणि तो डिझेलचा वास?

अनारू : मागच्या डेकवर बसून आला की घरभर शिंकत फिरायचा.

नायरी : त्या शिंकांवरून मी इंजिन उघडलं. आठवतं, मर्डो? नळी तडकलेली निघाली. आणखी आठवडाभर तशीच चालवली असती तर खाडीच्या मधोमध पेट घेतला असता. दोनशे माणसांनी फॉर्म भरले त्या महिन्यात. एकाने तरी लिहावं? सगळ्यांचं एकच, “चहा गार.”

मर्डो : चहा गारच असतो.

नायरी : यादीत दुसरा कोण आहे?

अनारू : बघतो. सहाशे दोन फेऱ्या... डूगल रँकिन.

नायरी : नाही.

अनारू : असंच लिहिलंय.

नायरी : तिसरा?

अनारू : तिसरी. सहाशे. कालवांची बादली.

नायरी : मर्डो!

मर्डो : पंधरा दिवस गप्प बसलोय मी, ते काय उगाच?

नायरी : डूगल रँकिन! नवी बोट नको म्हणून कौन्सिलात चार वर्षं आडवा पडला होता तो. बेटावर नुसता सुट्टीचा बंगला आहे त्याचा, राहतो इकडे इन्व्हरकार्गिल शहरात. तरी रोज बोटीने येतो जातो. कशाला, माहितीये? हातात घड्याळ धरून बसतो आणि मी किती सेकंद उशिरा सोडली ते वहीत लिहितो.

मर्डो : गेल्या जुलैत भर पावसात पोस्टमनला खाली उतरवायला निघाला होता. “या जनावराचं तिकीट दाखवा.” दाखवलं, तर हिरवं. त्याचं स्वतःचं बारा वर्षं पांढरं. चेहरा बघण्यासारखा झाला होता.

नायरी : आणि आता माझ्या बोटीवर त्याचं नाव घालू?

मर्डो : एक सोय आहे. “रँकिन गळायला लागलाय,” असं उघड म्हणता येईल.

नायरी : आणि रोज सकाळी “चला, रँकिनमध्ये बसा,” असंही म्हणावं लागेल. नको रे बाबा. तरीच मघाशी त्याचा फोन आला. म्हणतो, गस टलक नावाचा माणूस मी बोटीवर कधी बघितला नाही, यादी तपासा. साडेदहाला परत करतो म्हणालाय. त्याला काय सांगायचं, अनारू?

अनारू : मला विचारताय?

नायरी : यादी तुझी. कुत्र्याला प्रवाशांतून काढायला किती वेळ लागेल?

अनारू : वीस मिनिटं.

नायरी : मग काढ, मी पेंटरला हात थांबवायला सांगते. नाहीतर काढू नकोस. एक लक्षात ठेव, खोटं बोल असं मी सांगणार नाही. आणि तू काय ठरवतोस याचा तुझ्या सहीशी काही संबंध नाही. रोज तू या बिचाऱ्याला तत्त्वांची पोथी वाचून दाखवतोस, ती मला खालून ऐकू येते. त्यात काय लिहिलंय तेवढं सांग.

अनारू : त्यात लिहिलंय, हा वारसा चूक आहे.

मर्डो : झालं. बुडाली बोट.

अनारू : माझं संपलं नाही अजून. आणखी एक गोष्ट आहे त्यात. ज्या वचनावर लोक विसंबून आहेत ते मधेच फिरवायचं नाही. दिलं तेव्हा चुकीचं दिलं असलं तरी. तुम्हाला नवं काही हवं असेल तर बाजूला नवं बांधा, पण जुन्यावर ज्यांचं चाललंय त्यांच्या पायाखालची फळी काढू नका. वर्षाच्या सुरुवातीला आपण धक्क्यावर लिहून लावलं, “सर्वाधिक फेऱ्या करणारा प्रवासी.” त्या दिवशी आपल्याकडे कुत्रा प्रवासी होता. आपण त्याला तिकीट दिलं, आसन दिलं...

मर्डो : जमीन.

अनारू : जमीन दिली, वाढदिवसाला कार्ड पाठवलं. त्याचं म्हणणं विचारलं आणि त्यावरून इंजिन उघडलं. आणि आता मान द्यायची वेळ आली की म्हणायचं, तू प्रवासीच नाहीस? मला नाही जमणार. दुरुस्ती मी करणार, नक्की करणार. पण पुढच्या वर्षाच्या यादीसाठी. सोमवारी.

नायरी : हे तत्त्व खरंच आहे, की आत्ता रचलंस?

अनारू : खरं आहे. कुत्र्यासाठी वापरावं लागेल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

मर्डो : फोन वाजतोय.

नायरी : माझ्याकडे बघू नकोस. तूच घे.

अनारू : हॅलो. नमस्कार, रँकिनसाहेब. नायरी इथेच आहेत, पण यादी माझ्याकडे असते. मी अनारू... हो, तपासली. अगदी तळापर्यंत... नाव बरोबर आहे... तुम्ही त्यांना बघितलंय, साहेब. गेल्या जुलैत तुमची थोडी बोलाचालीही झाली होती... पावसात, हो... तांबडे. एक कान पडलेला... तेच... नाही साहेब, थट्टा नाही. आमच्या व्यवस्थेत कुत्रा हा प्रवाशाचा वारस असतो... मलाही पटत नाही. सकाळपासून भांडतोय मी त्यावरून... एकोणीस वर्षं झाली... लिहून देतो की. सहीनिशी देतो, आज असलो तर... दुसरे तुम्हीच आहात. अभिनंदन... तिसऱ्याचं नाव नाही विचारलंत तर बरं होईल... बरं. बादली... कालवांची... दोनच फेऱ्यांनी, हो... हॅलो? हॅलो?

मर्डो : ठेवला?

अनारू : आपटला.

नायरी : “दोनच फेऱ्यांनी!” अरे देवा, पोट दुखायला लागलं माझं. दोनच फेऱ्यांनी वाचला तो बादलीपासून. मर्डो, पाणी दे.

मर्डो : घे. हसताना बोलू नकोस, ठसका लागेल.

नायरी : बरं, आता सरक जरा. ते माझं पान उघड. ते नव्हे, ते खालचं.

अनारू : काही हवंय का? मी करून देऊ?

नायरी : या पानावर दुसऱ्याने काही करायचं नसतं. तू तिकडे बघ. हं, झालं. ही टेप घे आणि चल माझ्याबरोबर बोटीने. गसची उंची मोज. मागच्या दोन पायांवर उभा राहतो तेव्हाची. मिसेस टलकना सांग, आंघोळ घालू नका, तो आहे तसाच हवाय मला.

अनारू : पण नायरी, बारा वाजता तुम्ही ती सही...

नायरी : बारा वाजता मी खाडीत असेन, पोरा. कसली सही? लवकर ये, तुझ्यामुळे उशीर झाला तर रँकिन वहीत तुझंच नाव लिहील.

मर्डो : गेली. तिच्या पायाखाली जिना कसा टिकलाय कोण जाणे.

अनारू : मर्डो, तिने हो म्हटलं की नाही म्हटलं?

मर्डो : कशाला?

अनारू : माझ्या नोकरीला! मारामा परवा निघतेय. मी तिला फोन करून थांब म्हणू, की ये म्हणू? “कसली सही” याचा अर्थ काय घ्यायचा? हसली, पाणी प्यायली, हातात टेप दिली. बस?

मर्डो : आधी तिकीट काढ. बोट चुकली तर मात्र सरळ नाही म्हणेल.

अनारू : काढतो. हे काय, छपाईचं यंत्र पुन्हा बिघडलं वाटतं.

मर्डो : काय झालं?

अनारू : रंग चुकलाय. हिरवं आलंय.

मर्डो : बघू इकडे. यंत्र ठीक आहे.

अनारू : पण मी तर... नाही, असं कसं होईल? त्याला नियम आहेत. म्हणजे नियम नाहीत, पण ती तळाशी...

मर्डो : आठ पायऱ्या खाली. तूच शोधलंस ना?

अनारू : मर्डो, रँकिनचं बारा वर्षं पांढरं आहे.

मर्डो : हो. आणि डोळे पूस, धक्क्यावर पोस्टमन बसला असेल. तो बघत असतो सगळं. पळ आता. मारामाला बोटीतून फोन कर, मधे रेंज येते.

अनारू : हो. हो, करतो. सोमवारी कुत्रा आणि बादली, दोघांना वारशातून मोकळं करायचं. सकाळी लवकर बसू.

मर्डो : बसू. चीज रोल आणीन मी. आणि नायरीची ती ओळ? तीही उपटणार होतास.

अनारू : ती राहू दे, मर्डो. चालतेय ना.